केप कॉडच्या उन्हाळी लीगमध्ये कॉलेजचे बेसबॉलपटू कसे हेरले जातात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात केप कॉडला समुद्रावर गेलेल्या मराठी कुटुंबांना संध्याकाळी कुठल्यातरी शाळेमागच्या मैदानावर बेसबॉल चाललेला दिसतो. होम प्लेटच्या जाळीमागे काही माणसं वेग मोजायची बंदूक, स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसलेली असतात. ती कोण, काय टिपतात, मैदानावरची पोरं पुढे कुठे जातात, असे निरोप दर जूनमध्ये येऊ लागतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खेळाचे प्राथमिक नियम ठाऊक आहेत असं धरलं आहे.

केप कॉड लीग म्हणजे नेमकं काय? ही मुलं व्यावसायिक खेळाडू आहेत का?

नाहीत. ही कॉलेजची मुलं आहेत आणि खेळण्याचा पगार त्यांना मिळत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या आग्नेय टोकाला समुद्रात शिरलेल्या द्वीपकल्पावर दहा संघ आहेत. पूर्व गटात ऑर्लिन्स, चॅटम, हारविच, ब्रूस्टर आणि यारमथ-डेनिस. पश्चिम गटात कोटुइट, फॅल्मथ, हायॅनिस, बोर्न आणि वेअरहॅम. (वेअरहॅम खरं तर द्वीपकल्प तोडणाऱ्या केप कॉड कालव्याच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आहे.) गावागावांतल्या सामन्यांतून १९२३ मध्ये लीग उभी राहिली आणि १९६३ पासून ती कॉलेज खेळाडूंची झाली. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक संघ साधारण चाळीस सामने खेळतो. मुलं गावातल्या कुटुंबांच्या घरी राहतात, मैदानावरची बरीचशी कामं गावातले स्वयंसेवक करतात. इथे खेळून पुढे मेजर लीगपर्यंत (बेसबॉलची सर्वोच्च व्यावसायिक लीग) पोचलेल्यांची संख्या हजाराच्या वर आहे.

तिकीट किती? कुठल्या मैदानापासून सुरुवात करावी?

तिकीट नाही. मध्येच टोपी किंवा बादली फिरते, तिच्यात मनापासून काहीतरी टाका. संघ त्यावर आणि गावाच्या देणग्यांवर चालतो. घरून घडीची खुर्ची न्या. पहिल्यांदा जाणार असाल तर ऑर्लिन्सचं एल्ड्रेज पार्क बघा, तिथल्या उतारावर बसून खेळ छान दिसतो. कोटुइटच्या लोवेल पार्कला झाडांचा वेढा आहे आणि दिवे नाहीत, त्यामुळे सामना लवकर सुरू होतो. चॅटमला समुद्राचं धुकं मैदानावर उतरून सामना थांबू शकतो, निघण्याआधी चौकशी करा. आणि शुक्रवारी दुपारी बॉस्टनहून निघू नका, बोर्न आणि सॅगमोर या दोन्ही पुलांवर गाड्यांची रांग लागलेली असते.

उन्हाळी लीग तर देशभर आहेत. मग केपलाच एवढा मान का?

तीन कारणं आहेत. पहिलं, देशातल्या मोठ्या कॉलेजांचे निवडक खेळाडू इथे येतात, त्यामुळे चांगल्या बॅटरला रोज चांगला पिचर भेटतो. कॉलेजच्या मोसमात आठवड्यातले एक-दोन सामने तरी दुबळ्या संघाशी होतात आणि त्यात आकडे फुगतात. इथे ती सोय नाही. दुसरं, बॅट लाकडी असते (त्यावर खाली स्वतंत्र प्रश्न आहे). तिसरं कारण साधं आणि व्यवहाराचं आहे : दहाही मैदानं जवळजवळ आहेत. पाच वाजता दिवे नसलेल्या मैदानावर एक सामना अर्धा बघून सातला दुसऱ्या गावात दुसरा सामना गाठता येतो. मध्य-पश्चिमेतली नॉर्थवुड्स लीग मोठी आणि उत्तम आहे, सामनेही जवळपास दुप्पट. पण तिथे गावांमधली अंतरं लांब आणि बसचे प्रवास मोठे.

जाळीमागे बसलेली माणसं नेमकी कोण? सगळ्यांचं काम एकच असतं का?

मेजर लीगचे तीस क्लब आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची साखळी असते. खेळाडू हेरणाऱ्याला स्काउट म्हणतात. सगळ्यात खाली एरिया स्काउट. त्याच्याकडे दोन-चार राज्यं असतात आणि तिथली कॉलेजं, हायस्कूलं तो वर्षभर गाडीने पालथी घालतो. मुलाचं घर, स्वभाव, दुखापती, अभ्यास, प्रशिक्षकाशी असलेलं नातं हे सगळं त्याला ठाऊक असतं. त्याच्या वर क्रॉसचेकर, म्हणजे वेगवेगळ्या भागांतले खेळाडू एकाच नजरेनं तोलणारा माणूस. जॉर्जियातला शॉर्टस्टॉप चांगला की ओरेगनमधला, हे दोघांनाही पाहिलेलाच सांगू शकतो. त्याच्या वर स्काउटिंग संचालक.

केपचं महत्त्व इथे कळतं. एरवी क्रॉसचेकरला जे दोन खेळाडू बघायला दोन टोकांना विमानाने जावं लागतं, ते इथे एकाच डावात समोरासमोर उभे असतात. जाळीमागच्या गर्दीत खेळाडूंचे सल्लागार, कॉलेजांचे प्रशिक्षक आणि हौशी लोकही असतात, तेव्हा बंदूक हातात असलेला प्रत्येक जण स्काउट आहे असं समजू नका.

लाकडी बॅटीचं एवढं काय कौतुक? बॅट ती बॅट.

कॉलेजमध्ये धातूची किंवा संमिश्र पदार्थाची बॅट चालते. २०११ पासून तिच्या उसळीवर कडक मर्यादा आहे, तरी चेंडू नीट बसतो ती तिच्यावरची जागा लाकडी बॅटीपेक्षा मोठीच असते. चेंडू मुठीजवळ लागला तरी धातूची बॅट तुटत नाही आणि चेंडू इनफिल्डच्या डोक्यावरून जाऊन पडतो. तोच चेंडू लाकडी बॅटीच्या दांड्यावर बसला तर बॅट दुभंगते आणि चेंडू पिचरच्या पायाशी घरंगळतो. टेनिस बॉलवर गल्ली गाजवणारा पोरगा पहिल्यांदा लेदर बॉलसमोर उभा राहिला की जे उघडं पडतं, तेच इथे उघडं पडतं.

व्यावसायिक बेसबॉल लाकडानेच खेळतात, म्हणून क्लबांना उत्तर लाकडावरच हवं असतं. केपवरही १९७४ ते १९८४ धातूची बॅट होती. १९८५ मध्ये लीग लाकडावर परतली आणि माझ्या मते तिच्या आजच्या वजनाचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. बघताना आतल्या बाजूच्या वेगवान चेंडूवर लक्ष ठेवा. हात शरीराजवळ ठेवून बॅटर बॅटीचं तोंड वेळेत चेंडूपर्यंत आणतो का? हे ज्याला जमतं, त्याची त्या दिवशी धाव झाली नाही तरी नाव वहीत जातं.

स्काउट '५५', '६०' असे आकडे बोलतात. ते कशापैकी?

मोजपट्टी २० ते ८० अशी असते. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. कॉलेजची सरासरी इथे लागू नाही, हे नीट लक्षात घ्या. ६० म्हणजे ठळकपणे चांगला, ७० म्हणजे मोजक्यांच्या पंगतीतला, ८० क्वचितच कुणाला मिळतो. बॅटरचे पाच गुण तोलतात : चेंडू नेमका मारण्याची हातोटी, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. पिचरच्या प्रत्येक चेंडूला वेगळा आकडा आणि नियंत्रणाला वेगळा.

प्रत्येक गुणाला दोन आकडे असतात, आजचा आणि उद्याचा. वीस वर्षांच्या मुलाची ताकद आज ४० असेल, पण खांदे रुंद, मनगटं जाड, अंगावर अजून मांस चढायचंय, तर उद्याचा आकडा ५५ लिहिला जातो. सगळी कला आणि सगळी जोखीम त्या दुसऱ्या आकड्यात आहे. धाव आणि फेक घड्याळ सांगतं, त्यामुळे तिथे दोन स्काउटांचं फारसं वाजत नाही. वाद होतात ते चेंडू मारण्याच्या हातोटीवर. खेळाडूचं भवितव्य ठरतं तेही बहुतेक त्याच गुणावर.

घड्याळ लावून काय मोजतात? मला घरचं स्टॉपवॉच चालेल का?

फोनचं घड्याळही चालेल, फक्त बोट चेंडू-बॅटीच्या आवाजावर दाबा, नजरेवर नको. होमपासून पहिल्या बेसपर्यंत ९० फूट आहेत. उजव्या हाताने मारणाऱ्याला ४.३ सेकंद ही सरासरी मानतात, डावखुऱ्याला ४.२, कारण तो बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या फरकाला वरच्या २०-८० पट्टीवर साधारण दहाची एक पायरी. पण धाव जिवावर उदार होऊन घेतलेली असेल तरच मोजा. आरामात पळालेली वेळ टिपून ठेवण्यात अर्थ नाही.

कॅचरच्या हातमोज्यात चेंडू पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या हातमोज्यात पोचेपर्यंत २.० सेकंद ही सरासरी, १.९ म्हणजे उत्तम. पिचरने पाय हलवल्यापासून चेंडू कॅचरपर्यंत जायला १.३ सेकंद लागले तर ठीक. या दोन वेळा मिळवल्या की बेस चोरणाऱ्याला किती अवकाश आहे ते कळतं, आणि बेस चोरीला गेला तर दोष कॅचरचा की पिचरचा तेही कळतं. बहुतेक वेळा पिचरचा असतो.

पिचर बघताना बंदुकीवरचा वेग सोडून काय बघायचं?

वेग बघाच. मेजर लीगमध्ये सरासरी वेगवान चेंडू आता ताशी ९४ मैलांच्या आसपास असतो. पण एकट्या सर्वोच्च आकड्यावर भाळू नका. पहिल्या डावात ९६ आणि चौथ्यात ९१, तर तो पिचर बहुधा शेवटच्या डावांचा माणूस आहे. दुसरा प्रश्न : वळणाऱ्या चेंडूवर बॅटर फसतात का, की नुसते सोडून देतात? तिसरा : हळू चेंडू टाकताना हाताचा वेग तोच राहतो का? हात मंदावला की मेजर लीगचा बॅटर तो चेंडू ओळखतो. चौथा : बेसवर दोघे उभे असताना त्याची लय तशीच राहते का?

जाळीमागची जागा वेग आणि वळण बघायला चांगली. पण एक डाव तरी पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला जाऊन बसा. पाय कुठे पडतो, खांदा केव्हा उघडतो, हे तिथूनच दिसतं.

केपवरच्या पिचरला जोखताना एक गोष्ट धरायलाच हवी. कॉलेजचा मोसम फेब्रुवारीत सुरू होतो. जुलैपर्यंत कित्येकांचा हात थकलेला असतो, कॉलेजने डावांची मर्यादा घातलेली असते आणि काही अव्वल पिचर उन्हाळाभर विश्रांतीच घेतात. त्यामुळे वसंतात ९५ टाकणारा इथे ९२ वर दिसला तर घसरला असं लगेच लिहू नये.

ज्याची सरासरी (बॅटिंगच्या संधींपैकी यशस्वी फटक्यांचं प्रमाण) जेमतेम .२२० आहे त्याची स्काउट स्तुती करतात. आकड्यांना काही किंमतच नाही का?

आहे, पण थोडी. चाळीस सामन्यांत एखाद्याला दीडशेच्या आसपास वेळाच बॅटिंग मिळते. चार-पाच जोरदार फटके थेट कुणाच्या हातात गेले की सरासरी कोसळते. त्यापेक्षा चेंडू न लागता हुकलेल्या फटक्यांचं प्रमाण, वाईट चेंडू सोडण्याची शिस्त आणि चेंडू किती जोरात निघतो, हे जास्त विश्वासाचं.

उलटही खरं आहे. १९६७ मध्ये थर्मन मन्सनने चॅटमकडून .४२० ची सरासरी काढली आणि पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी क्रमाने करायची नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) यांकीज क्लबाने त्याला देशात चौथ्या क्रमांकावर निवडलं. इतका मोठा आकडा बोलतोच. लीगमधल्या सर्वोत्तम सरासरीचा पुरस्कार आज त्याच्या नावाने दिला जातो.

एखादा खेळाडू किती सामने बघितला की समजतो?

बॅटर असेल तर सलग तीन-चार सामने तरी. एका संध्याकाळी त्याला चार वेळा बॅटिंग मिळते आणि त्यातले निम्मे पिचर त्याला खेळण्याजोगं काही देतच नाहीत. शक्य असेल तर सामन्याच्या दीड-दोन तास आधी पोचा. सरावातल्या बॅटिंगमध्ये निखळ ताकद दिसते, आणि सामन्याआधीच्या क्षेत्ररक्षणाच्या सरावात शॉर्टस्टॉपचे पाय आणि फेक जेवढी दिसते तेवढी अख्ख्या सामन्यात दिसेलच असं नाही. चारही वेळा बाद झाल्यावर तो डगआउटमध्ये कसा वागतो हेही बघा. एरिया स्काउट हे हमखास लिहितो.

आता रडार यंत्रं चेंडूच्या फिरकीपासून सगळं मोजतात. मग माणसांची गरज काय?

ट्रॅकमॅनसारखी यंत्रं चेंडूचा वेग, मिनिटाला फेरे, वळण, बॅटीवरून निघतानाचा वेग आणि कोन अचूक सांगतात. यामुळे स्काउटचं काम नक्कीच बदललं, काही क्लबांनी माणसं कमीही केली. माझं मत असं की आज काय घडलं हे यंत्र माणसापेक्षा चांगलं सांगतं, आणि ते मान्य करण्यात स्काउटांचा कमीपणा नाही. पण तो मुलगा नवी पकड शिकेल का, दुखापतीतून सावरेल का, घरापासून दूर बसच्या प्रवासात टिकेल का, यासाठी त्याच्या यजमान कुटुंबाशी, प्रशिक्षकाशी आणि त्याच्याशी बोलावं लागतं. उद्याचा आकडा (२०-८० चा प्रश्न बघा) अजून माणूसच लिहितो.

ड्राफ्ट जुलैमध्ये असतो आणि लीगही जुलैमध्येच. मग इथे बघितलेला खेळाडू कुठल्या वर्षी निवडला जातो?

यात सगळ्यांचाच गोंधळ होतो. चार वर्षांच्या कॉलेजातला खेळाडू साधारणपणे तिसरं वर्ष संपल्यावर ड्राफ्टला पात्र होतो. म्हणून केपवरचा सगळ्यात महत्त्वाचा गट म्हणजे दुसरं वर्ष संपवून आलेली मुलं. त्यांची निवड पुढच्या उन्हाळ्यात होते आणि इथली टिपणं वर्षभर पायाभूत अहवाल म्हणून वापरली जातात. अॅरन जज २०१२ मध्ये ब्रूस्टरकडून खेळला आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत बत्तिसावा निवडला गेला.

२०२१ पासून ड्राफ्ट जूनमधून जुलैत सरकला आणि फेऱ्या वीस झाल्या. त्यामुळे तिसरं वर्ष संपवलेले काही खेळाडू ड्राफ्टच्या आधी काही आठवडे केपवर खेळून शेवटचं दर्शन देतात, निवड झाली की करार करून निघून जातात. आवडता खेळाडू जुलैच्या उत्तरार्धात अचानक दिसेनासा झाला तर बहुधा हेच घडलेलं असतं.

दुसऱ्या वर्षाचा मुलगाही ड्राफ्ट झाल्याचं वाचलं. हे कसं?

वयामुळे. ड्राफ्टच्या सुमारास एकवीस पूर्ण होत असतील तर दुसऱ्या वर्षाचा खेळाडूही पात्र ठरतो. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातल्यांना तर ही अटच नाही. टिम लिन्सिकम हे ठळक उदाहरण. २००५ मध्ये दुसऱ्या वर्षाला असताना क्लीव्हलँडने त्याला बेचाळिसाव्या फेरीत निवडलं. त्याने करार केला नाही. त्या उन्हाळ्यात तो हारविचकडून खेळला आणि २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला दहाव्या क्रमांकावर उचललं. २००८ आणि २००९ ची साय यंग पारितोषिकं (सर्वोत्तम पिचरला मिळणारी) त्याचीच. त्याची अंगकाठी लहान होती, म्हणून अनेकांनी त्याच्यावर फुली मारली होती.

नावाजलेल्या कॉलेजात नसलेल्या मुलाला इथे संधी मिळते का?

मिळते, आणि मिळाली की केपसारखी दुसरी जागा नाही. लहान कॉलेजच्या खेळाडूबद्दल स्काउटची शंका एकच असते : समोरचे दुबळे होते म्हणून हा मोठा दिसला का? ती शंका इथे काही आठवड्यांत फिटते. जेफ बॅगवेल हार्टफर्ड विद्यापीठाचा, चॅटमकडून खेळला. क्रिस सेल फ्लोरिडा गल्फ कोस्ट विद्यापीठाचा. २००९ मध्ये यारमथ-डेनिसकडून त्याने देशातल्या नामांकित बॅटरांना नाचवलं, २०१० मध्ये तो तेराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच वर्षी मेजर लीगमध्ये पिचिंग करत होता. इव्हान लाँगोरियाला हायस्कूलनंतर कुणीच निवडलं नव्हतं. कम्युनिटी कॉलेज, मग लाँग बीच स्टेट, मग २००५ मध्ये चॅटमकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि २००६ मध्ये देशात तिसरा.

यादीत काही खेळाडू 'तात्पुरते' असतात. त्यांना बघण्यात अर्थ आहे का?

जरूर बघा. ज्यांचे कॉलेज संघ जूनमध्ये ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलेले असतात, ते खेळाडू उशिरा येतात. तोवर जागा भरायला तात्पुरत्या करारावर मुलं बोलावतात. त्यांच्यातला एखादा इतका चांगला खेळतो की त्याला परत पाठवणं संघाला जमत नाही. मोसमाच्या पहिल्या दहा दिवसांत मी तरी आधी हेच खेळाडू शोधते.

माझा भाचा न्यू जर्सीत हायस्कूलमध्ये खेळतो. त्याने केपला अर्ज कुठे करायचा?

त्याने आधी कॉलेज संघात जागा मिळवायची. केपचे संघ कॉलेजच्या प्रशिक्षकांशी बोलून खेळाडू ठरवतात, तेही महिनोन्‌महिने आधी. केपला जागा नाही मिळाली तरी पहिल्या वर्षानंतर न्यू इंग्लंडची लीग, व्हर्जिनियातली व्हॅली लीग किंवा नॉर्थवुड्समध्ये रोज खेळणं, केपवर बाकावर बसण्यापेक्षा हिताचं आहे. सेल स्वतः केपच्या आदल्या उन्हाळ्यात नॉर्थवुड्समध्ये होता.

स्काउट पुढे येऊन बोलला तर मुलाने मोकळेपणाने आणि खरं बोलावं. आईवडिलांनी मध्ये पडू नये. सल्लागार आणि एजंट यांतला फरक मात्र नीट समजून घ्या. कराराची बोलणी करणारा एजंट नेमला तर कॉलेजच्या पात्रतेवर गदा येऊ शकते. सही करण्याआधी कॉलेजच्या नियमपालन विभागाकडून उत्तर लेखी घ्या.

भारतात राहणारा मुलगा या वाटेने मेजर लीगला जाऊ शकतो का? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल असेच गेले ना?

ते वेगळ्या वाटेने गेले. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू २००८ मध्ये एका पिचिंग स्पर्धेतून पुढे आले आणि त्याच वर्षी पिट्सबर्गने त्यांच्याशी थेट करार केला. ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको इथल्या खेळाडूंसाठी असतो; भारतात राहणाऱ्याशी कुठलाही क्लब थेट करार करू शकतो. दोघेही कनिष्ठ लीगांमध्ये खेळले, मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत.

पण तोच मुलगा शिकायला अमेरिकेत आला आणि तिथल्या कॉलेजात दाखल झाला, की त्याला ड्राफ्टचे नियम लागू होतात, पासपोर्ट कुठलाही असो. मग त्याची वाट वर सांगितलेलीच : तिसरं वर्ष किंवा एकवीस वय, आणि त्याआधी जमलं तर केपवरचा एक उन्हाळा.